बॉनेटवरचा हात

मिस्त्रीचा राग कायम नाकावर, तरी त्याच्या शिव्या खायला माणसं आपलं पेट्रोल जाळून गॅरेजवर येत. जुनी गाडी घ्यायच्या आधी मिस्त्रीला दाखवली की माणूस फसत नाही, अशी ख्याती होती त्याची. अट एकच. गाडी आदल्या संध्याकाळी आणून उभी करायची आणि सकाळी त्याच्यासमोर पहिल्यांदा चालू करायची. त्याआधी तो बॉनेटवर तळहात ठेवायचा. जराशी ऊब लागली की संपलं. "मला मूर्ख समजता? गरम इंजिन गोड बोलतं. खरं ऐकायचं असेल तर उद्या या!"

यात नखरा नव्हता. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळच्या पहिल्या किल्लीला झिजलेलं इंजिन खडखडतं, मागून निळा धूर सोडतं, सगळ्या खोडी सांगून मोकळं होतं. दहा मिनिटं चाललं की तेच इंजिन शहाण्या बाळासारखं गप्प. म्हणून तर लबाड विक्रेते गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून आणतात.

आणि अशा माणसाच्या पोटच्या मुलीची गाडी घेतल्यापासून सव्वा महिन्यात भर चौकात बंद पडली.

मुलगी नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. नऊ घरं, शहराच्या चार टोकांना. स्वतःची गाडी असेल तरच काम, असं एजन्सीनं आधीच बजावलं होतं. कामासाठीच ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली होती. तीन वर्षं पोटाला चिमटा काढून तिनं अकरा वर्षं वापरलेली गाडी घेतली, ती सख्ख्या मामाकडून. मामाचा जुन्या गाड्या विकण्याचाच धंदा होता. आता एजन्सी म्हणत होती, सोमवारपर्यंत गाडी दिसली नाही तर नऊही घरं दुसरीला देऊ.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या. सिलेंडरला नखाला लागतील असे ओरखडे. खालून निघालं ते ट्रकला घालतात तसलं दाट ऑइल, आवाज आणि धूर दाबून ठेवायला घातलेलं. ऑइल कमी झालं की लागणाऱ्या दिव्याची वायर तर कुणीतरी सरळ कापून ठेवली होती. अख्खं इंजिनकाम निघालं होतं, म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खड्डा.

त्यानं झिजलेल्या रिंगा पत्र्याच्या ट्रेमध्ये घातल्या, तडक मेव्हण्याचं ऑफिस गाठलं आणि ट्रे त्याच्या टेबलावर आदळला. टेबलाची काच तडकली.

"भाचीला फसवलंस! लाज नाही वाटली?"

"भावोजी, हळू. गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे! त्यालाही कळू दे काय विकतोस ते!"

मेव्हण्यानं रुमालानं काचेवरचं ऑइल पुसलं. "गाडी तुम्ही बघितलीत. तुम्ही हो म्हणालात. तुमच्यासारख्या मिस्त्रीला कळलं नाही, ते माझ्यासारख्याला कसं कळणार?"

चोराच्या उलट्या बोंबा! मिस्त्री घसा बसेपर्यंत ओरडला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडून होणार काय? आणि खरं सांगायचं तर तो इतका ओरडत होता, ते मेव्हण्याचं बोलणं वर्मी लागलं म्हणून.

कारण गाडी बघायला गेला त्या दिवशीच त्याला कळलं होतं. याच मेव्हण्याशी भांडून दोन वर्षं त्यानं तोंड बघितलं नव्हतं, आणि ती दोन वर्षं बायकोनं रडून काढली होती. गाडीच्या निमित्तानं गोडी झाली. निघताना बायको म्हणाली होती, "माझ्या भावासमोर एक दिवस जीभ आवरा, एवढंच मागते." गाडीजवळ उभं राहिल्यावर बॉनेटखालून टिक टिक ऐकू आली. तापलेलं लोखंड निवताना येतो तो आवाज तो झोपेतसुद्धा ओळखेल. त्यानं हात उचलला. बायको समोर हसत होती. हात तसाच खिशात गेला. "चांगली आहे," तो म्हणाला. जन्मभर परक्यांना तोंडावर खरं सुनावणारा हा माणूस घरच्यांच्या भिडेला बळी पडला. भीड भिकेची बहीण, असं काय उगीच म्हणतात?

दुपारी मुलगी गॅरेजवर आली. मिस्त्रीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. मामा असा, मामा तसा, त्याच्या सात पिढ्यांची अक्कल.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "मी हात लावला होता."

"कशाला?"

"बॉनेटला. तुम्ही आईशी बोलत होतात तेव्हा. चांगलंच गरम होतं." तिच्या आवाजात राग होता, अगदी बापाचाच, फक्त खालच्या पट्टीतला. "लहानपणापासून तुम्हाला बघत आलेय. मला कळलं होतं. पण तुम्ही चांगली आहे म्हणालात. म्हटलं, माझ्याच हाताला समजत नसेल."

शिव्या द्यायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. त्यानं आपल्या व्हॅनची किल्ली तिच्या हातात दिली आणि इतर सगळ्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

आठ दिवसांचं काम त्यानं चार दिवसांत उरकलं. स्वतःवर इतका चिडला होता की पाना हातातून सुटला तरी त्यानं पान्याला शिवी दिली नाही. रविवारी संध्याकाळी गाडी मुलीच्या दारात उभी केली, किल्ली तिच्याकडे दिली आणि बसनं घरी गेला. सोमवारी पहिल्या बसनं परत आला.

मुलगी पिशवी घेऊन खाली आली. तिनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मिस्त्री फुटपाथवर गिऱ्हाइकासारखा ताटकळत उभा राहिला.