रेडकू सुटलं आणि बाप धावला

भाषेवरून हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे पक्कं झालं, त्या वर्षी हैदराबादच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी एखादं बाक रिकामं होत होतं. कुणाला औरंगाबादची ऑर्डर, कुणाला नांदेडची. मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि इथेच राहणार होतो. अडचण एवढीच की मला जिच्याशी लग्न करायचं होतं ती औरंगाबादला निघाली होती, वडिलांच्या ट्रंकांसोबत.

हे वडील म्हणजे शिक्षण खात्यातले इन्स्पेक्टर आणि मंडळीचे पंच. अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी, हातात काठी. प्रौढांचा शास्त्राभ्यास तेच घेत. पाप म्हणजे नुसती चोरी-चहाडी नव्हे, असं ते सांगत. बापाच्या घरात जेवून ‘बापाशिवाय आपलं बरं चालेल’ असं मनात आणणं, तिथून सगळी सुरुवात. हे ऐकून बाकीचे आपापल्या मनात डोकावत आणि मी बाजाच्या पेटीकडे बघे, कारण पेटीशी त्यांची मुलगी बसलेली असे. ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी हिय्या करून मागणी घालायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बघू.” इन्स्पेक्टरच्या ‘बघू’चा अर्थ काय होतो ते मराठवाड्यातल्या कुठल्याही हेडमास्तरला विचारा. शाळेचं छप्पर गळत राहतं.

अशात चर्चच्या पाळकांनी ठरवलं की निरोपाच्या रविवारी आवारात उधळ्या पुत्राचं नाटक करायचं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धाकटा मुलगा बापाकडून हिस्सा घेऊन दूर जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग मान खाली घालून परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन मिठी मारतो आणि पोसलेलं वासरू कापायला लावून मेजवानी घालतो. नाटक लिहायचं काम मी मागून घेतलं आणि उधळ्या पुत्र स्वतःकडे ठेवला. बाप कोण होणार हेही मीच सुचवलं. सगळ्या मंडळीसमोर त्यांनी मला एकदा उराशी धरलं की ‘बघू’ कुठे राहील, असा माझा हिशोब.

“बाबांना पश्चात्ताप फार आवडतो,” पेटीवरची धूळ पुसत ती म्हणाली. “तुमचं कबुलीचं भाषण जरा लांबवा.”

पहिल्याच तालमीत धावण्यावरून खटका उडाला.

“बाप धावत नसतो,” इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले.

“साहेब, शास्त्रात धावला असं आहे,” पाळक हळूच म्हणाले.

“तो तिकडचा बाप. मी खुर्चीवर बसेन. मुलगा समोर येईल, खुलासा देईल, तो मी पूर्ण ऐकेन. मग क्षमा. खुलाशाशिवाय माफी आमच्या खात्यात बसत नाही.”

“पण तीच तर सुवार्ता आहे, साहेब. मुलाच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच बाप निघालेला असतो. त्याला कृपा म्हणतात.”

“त्याला ढिलाई म्हणतात,” साहेब म्हणाले आणि खुर्ची दोन वीत मागे ओढून बसले.

राहिलं वासरू. पाळक म्हणत होते पुठ्ठ्याचं करू. मला जिवंतच हवं होतं. नारायणगुड्यात मी ज्या गवळ्याकडून दूध घ्यायचो त्याला गाठलं. गाईचं वासरू द्यायला तो तयार नव्हता. म्हशीचं रेडकू दिलं. त्याला हार घालणार, मिरवणार, असं मी सांगितलं. गोष्टीत त्याचं पुढे काय होतं ते सांगायचं राहिलं.

“शाम की धार से पैले लाना बाबू,” तो म्हणाला. “इसके बगैर भैंस दूध छोडती नै.”

रेडकाने तोंड लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ‘हौ, हौ’ म्हणालो. हैदराबादेत ‘हौ’ म्हणायला विचार करावा लागत नाही.

रविवारी दुपारी साहेबांनी ते रेडकू पाहिलं. “हे पोसलेलं?”

“परिस्थितीप्रमाणे, साहेब.”

“बरगड्या दिसतायत. डुकरं राखणारा याच्यापेक्षा बरा जेवलेला दिसतोय.”

हे माझ्याबद्दल होतं. मी बेगम बाजारातून आणलेलं गोणपाट नेसून उभा होतो. त्या गोणीत आधी हळद होती हे मला उन्हात घाम फुटल्यावर कळलं. मी रंगमंचावर आलो तो मानेपासून पोटरीपर्यंत पिवळा. “नवरदेव आला,” कुणीतरी म्हणालं आणि पेटीचा सूर दोनदा चुकला.

मी गुडघे टेकले, डोळे मिटले आणि सुरू झालो. स्वर्गाविरुद्ध पाप केलं, बापाविरुद्ध केलं, असं म्हणून खरं तर संपतं. पण मला लांबवायचं होतं. मी जुगार कबूल केला, जो मला येत नाही. दारू कबूल केली. कचेरीतल्या दोन सहकाऱ्यांची पापंही माझ्या नावावर घेतली. उन्हं कलली. साहेब खुर्चीत ताठ बसून ऐकत होते आणि खुर्चीच्या हाताला बांधलेलं रेडकू भुकेने त्यांच्या शेरवानीचा काठ चोखत होतं, असं मला नंतर कळलं.

मंडळीतून ‘अरे, अरे’ असा आवाज उठला. मी डोळे उघडले, तर साहेब शेरवानी दोन्ही हातांनी वर धरून थेट माझ्याकडे धावत येत होते. माझा पश्चात्ताप लागू पडला या आनंदात मी दोन्ही हात पसरले. ते माझ्या बाजूने निघून गेले. त्यांच्या पुढे, दावं सोडवून, हारासकट, रेडकू फाटकाबाहेर पडलं होतं.

मीही उठून धावलो. सुलतान बाजारातून आम्ही गेलो तेव्हा कापडवाले दुकानाबाहेर आले. पुढे म्हशीचं पोर, मागे शेरवानीतले बुजुर्ग, त्यांच्या मागे हळद लागलेला इसम.

“दुल्हा भागरा क्या?” एकाने विचारलं.

“नै, ससुरा भागरा,” दुसरा म्हणाला.

रेडकू कुठेही चुकलं नाही. थेट नारायणगुड्यात, गोठ्यात, आईखाली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता आणि शेपूट गोल फिरत होतं. दारात दुधाची भांडी घेतलेले लोक ताटकळत उभे होते. साहेब पेंडीच्या पोत्यावर बसले. टोपी वाटेत पडली होती. गवळी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आला.

“क्या बाबू, ये धार का टैम है?” मग तो साहेबांकडे वळला. “कौन है ये पोट्टा, किसका है?”

मला दुसरं काही सुचेना. पाठ असलेलं तेवढं होतं. शेणात गुडघे टेकून मी म्हणालो, “साहेब, मी काही तुमच्या घरचा म्हणवून घ्यायच्या लायकीचा—”

“पुरे,” साहेब धापा टाकत म्हणाले. त्यांनी बोट रेडकाकडे केलं. “त्याने आल्यावर भाषण केलं का?”

मग ते उठले आणि गवळ्यासमोर जाऊन उभे राहिले. “हमारे घर का लडका है. जो बोलना सो मेरे को बोलो.”

गवळी बोलला. भांडीवालेही बोलले. खात्यातल्या भल्याभल्यांना उभं करून खुलासा ऐकणारे साहेब बोडक्या डोक्याने सगळं ऐकून घेत होते आणि मधूनमधून “हौ, गलती हुई” म्हणत होते. मी गुडघ्यावरच होतो. उठायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यात ती आणि पाळक टोपी, काठी घेऊन पोचले. “लांबवा म्हटलं होतं,” ती मला म्हणाली. “पोराला उपाशी ठेवा नव्हतं म्हटलं.”

“बाप धावला, साहेब,” पाळक म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

साहेबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. वातावरण जरा निवळलेलं पाहून माझी जीभ वळवळली. “साहेब, मग ते ‘बघू’ म्हणाला होतात, त्याचं...”

त्यांनी गवळ्याच्या हौदाकडे काठी दाखवली. “आधी ती हळद धू. नाहीतर हे पाळक इथेच गोठ्यात लग्न लावून टाकतील, आणि मला ट्रंका बांधायच्यात.”