पाटणकरकाकांची पंधरा ऑगस्टची जिलबी

झेंडा संध्याकाळी उतरतो आणि घडी होऊन कपाटात जातो. किस्से मात्र वर्षभर जिन्यात उभे! कात्रजच्या आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टचे इतके किस्से साठलेत, की सांगितले नाहीत तर माझ्या पोटात दुखेल. माझी खिडकी तळमजल्यावर, बरोबर झेंड्याच्या खांबासमोर. मी चौकशा करत नाही हो, मला दिसतंच!

*

आमचे चेअरमन कदम. आत फुलं ठेवून झेंडा दरवर्षी तेच बांधतात, आणि दरवर्षी गाठ अडते. एकदा सगळे सलामीच्या तयारीत, कदम घामाघूम, दोरी काही हलेना. वरच्या गॅलरीतून गोखले आजोबा ओरडले, "कदम, झेंडा फडकवायचा होता, म्हैस नव्हती बांधायची!"

*

ध्वजवंदनाला मोजकी डोकी आणि जिलबीला अख्खी सोसायटी, हे बघून गोखले आजोबांनी फळ्यावर लिहिलं : "ध्वजवंदन आठ वाजता. केवळ जिलबीसाठी येणाऱ्यांनीही आठलाच यावे."

त्या वर्षी पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोण कशासाठी आलंय ते कळू नये, म्हणून सगळे पावणेआठलाच हजर!

*

दुसऱ्या मजल्यावरचा निखिल आयटीत आहे. त्याला बोलवायला गेले, तर म्हणतो, "काकू, आमचं फ्लॅग होइस्टिंग ऑनलाइन आहे." लॅपटॉपसमोर बसलेला, वर कडक इस्त्रीचा झब्बा, खाली बर्म्युडा!

"अरे, हे काय ध्यान?"

"काकू, कॅमेऱ्यात वरचंच दिसतं."

तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं. उभं राहणं भाग! मी दारात ताठ, निखिल टेबलाशी ताठ, स्क्रीनवर त्याचे साहेबही ताठ.

साहेबांची बर्म्युडा तर फुलाफुलांची!

*

आमचं राष्ट्रगीत संपलं की शेजारच्या सोसायटीचं सुरू होतं. जिलबीकडे निघालेली माणसं पुन्हा जागच्या जागी उभी. ते संपतंय तोवर पलीकडची शाळा. आमच्या पाटणकरकाकांचा जिलबीवर भारी जीव. ती डोळ्यांसमोर गार होताना बघून बिचारे कळवळले, "अहो, सगळ्यांनी मिळून एकदाच म्हणा की!"

*

यंदा डॉक्टरांनी त्याच पाटणकरकाकांची साखर बंद केली. त्यात पाटणकरकाकू खमक्या. चहातसुद्धा चमचा बुडू देत नाहीत. वर्षाची एक जिलबी, तीही गेली!

मीटिंगमध्ये कदमांनी विचारलं, "यंदा झेंडा कोणाच्या हस्ते?"

काका ताडकन उठले. "इतकी वर्षं पुरुषच दोरी ओढतायत. यंदा हा मान आमच्या हिला द्या!"

टाळ्याच टाळ्या! काकूंचे डोळे भरून आले. मला मात्र तेव्हाच शंका आली. खांबाशी उभं राहिलं की जिलबीच्या टेबलाकडे पाठ होते. आणि गाठ तर अडणारच, म्हणजे वेळच वेळ!

पंधरा ऑगस्टला काकू जरीची साडी नेसून पुढे झाल्या, दोरी धरली. इकडे काका सरकत सरकत टेबलाशी. पाकात निथळणारी एक जिलबी उचलली...

आणि एकाच हिसक्यात झेंडा मोकळा! सकाळीच काकूंनी कदमांकडून झेंडा मागून घेऊन स्वतः बांधला होता, हे काकांना कुठलं माहीत?

फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं. काका सावधान. जिलबी हातात, तोंडापासून वीतभर लांब! मान हलवायची नाही हे मलाही कळतं, पण डोळे फिरवायला कुठे बंदी आहे? पाक मनगटावरून ओघळत पार कोपरापर्यंत गेला. काका हलले नाहीत.

'जय हे' झालं. कदमांनी माइक पुढे केला, "वहिनी, दोन शब्द बोला."

काकूंनी माइक घेतला. नजर झेंड्यावरच. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अहो, अर्धीच हं!"