बांधाची लेक

नवसीला कुणी विचारलं, तुझं गाव कोणतं, तर ती दोन्ही हात हलवते. एक डोंगराकडे, एक खाली. मासवणच्या पुढे डोंगराच्या कुशीत एकाच ओहोळावर दोन पाडे आहेत. वरच्या पाड्यात तिचं माहेर, खालच्यात सासर, आणि मधे एक बिडी ओढून संपेल एवढी वाट. हा ओहोळ पुढे सूर्या नदीला मिळतो. सूर्येच्या पाण्यावर थेट बोईसर-तारापूरपर्यंत सगळ्यांचा डोळा. ते कुणी किती घ्यायचं यावर मोठाल्या कचेऱ्यांत बैठका झडतात. या दोन पाड्यांचं मात्र बैठकीवाचून निभत आलं आहे, कारण त्यांच्याकडे नवसी आहे.

पद्धत अशी. पावसाळा सरला की दोन्ही पाड्यांनी मिळून, दगड आणि रेतीची पोती रचून, वरच्या पाड्याखाली बांध घालायचा. मधोमध फळ्या लावलेली मोरी. दर बाजाराच्या दिवशी फळ्या काढून पाणी खाली सोडायचं, संध्याकाळी पुन्हा लावायच्या. आणि त्या फळ्यांना हात लावायचा तो एकीनंच, जी वर जन्मली आणि खाली दिली. वाडवडिलांचा विचार सरळ होता. तिला भावाचं शेत सुकलेलं बघवणार नाही, आणि आपल्या पोरांचा घसाही. तिला म्हणतात बांधाची लेक.

नवसीच्या आधी तिची आत्या होती. ती थकली तेव्हा तिनं नवसीच्या हातात फळी दिली आणि म्हणाली, "दोनी बाजूनी शिव्या मिळतील. सारख्या मिळाल्या म्हंजे समज, बरोबर चाललाय."

नवसी शिव्या खाऊन गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. वरच्यांनी तोंड सोडलं तर ती त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंत पोचायची, आणि खालचे कुरकुरले तर नवऱ्यालासुद्धा सोडायची नाही. चिंतू बिचारा म्हणे, "घरात बायको हाय का पाटबंधारे खाता, कळत नाय." पण फळ्या काढून झाल्या की ती माहेरी जाई, आणि धाकटा भाऊ मंगळ्या, मघाशी कितीही भांडला असला तरी, तिला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

यंदा मात्र गोष्ट हातघाईवर आली. मंगळ्या दर वर्षी बायकापोरांसकट वीटभट्टीवर जायचा. तो कंटाळला आणि त्यानं मोगरा लावला. यंदा पहिल्यांदाच मोगरा भरून आला, पहाटे कळ्यांच्या टोपल्या पालघरला जाऊ लागल्या, भट्टीची पायरी चढावी लागली नाही. आणि नेमका होळीनंतर ओहोळ आटत आला, मोगऱ्याला बांधामागचंच पाणी उरलं. खालच्या पाड्याच्या विहिरीत बाया उतरून वाटीनं पाणी भरत होत्या.

मंगळ्या नवसीच्या घरी येऊन सांगून गेला, "बाय, आता फळी काढू नको. काढलीस तर मायेरची वाट विसर."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ज्या भावाला कडेवर घेऊन वाढवला, त्याला परत भट्टीवर धाडायचा, की शेजारणींच्या कळशा उपड्या ठेवायच्या? नवसीला अन्न गोड लागेना.

त्यातच बाजाराच्या दिवशी पाहुणे आले. एका संस्थेत काम करणारा कमलेश त्यांना घेऊन आला. मेकाँग नावाची थोरली नदी कितीतरी देशांतून वाहते, आणि त्या देशांनी मिळून ती सांभाळायची असं ठरवलं आहे. त्यांतल्या वरच्या लाओसची बुनमीबाई आणि खालच्या कंबोडियाचा सोखा, दोघं दोन पाड्यांची ही रीत बघायला आले होते. नवसीला कमलेशनं एवढंच सांगून ठेवलं होतं की एक वरची, एक खालचा, आणि पाण्याचं बोलायला येतायत.

नवसीनं जे समजायचं तेच समजलं, वरच्यांची पोरगी खालच्यांत दिलेली असणार. तिनं सोखाला मुलाकडचा म्हणून पाटावर बसवला, बुनमीबाईची ओटी भरली आणि कमलेशला विचारलं, "पोरगी नांदते ना बरी?"

कमलेशला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तो पोट धरून हसला. त्यानं पाहुण्यांना समजावलं, तर ती दोघं त्याहून जास्त हसली. आमच्यात सोयरीक नाही, बुनमीबाई म्हणाली, आमच्यात बैठका असतात.

नवसीला हसू आलं नाही. "मंग भांडन झाला तर रडतं कोन?"

कमलेशनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. पाहुण्यांचं हसू ओसरलं. बुनमीबाईनं विचारलं, "वरचा पाडा पाणी देतो. मग खालचा पाडा वर काय देतो?"

नवसीनं इतकी वर्षं फळ्या काढल्या, पण हा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. सोखानं त्यांच्याकडचं सांगितलं. मासे खालून वर पोहत जातात, अंडी घालायला. त्या दिवसांत आम्ही जाळी आवरती घेतो. आम्ही वाट अडवली तर वरच्यांच्या ताटात मासा कुठून पडणार?

एका हातानं टाळी वाजत नाही, हे नवसी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आली होती. आज ते तिला स्वतःला लागलं.

ती उठली आणि तडक बांधावर गेली. पाहुणे मागोमाग. मंगळ्या मोरीपुढे उभाच होता.

"मंगळ्या, सरक."

"मायेर तोडतेस?"

"मायेर तोडत नाय. पानी सोडतेय. आनि तुजा मोगरा मरनार नाय, हा माजा शब्द हाय."

"शब्दानं कळीत पानी भरत नाय, बाय."

तरी तो सरकला. तिच्या अंगावर हात टाकणारा तो नव्हे. तिनं फळ्या काढल्या, पाणी खाली धावलं. मंगळ्या पाठ फिरवून निघून गेला, आणि त्या दिवशी नवसीला माहेरचा चहा मिळाला नाही. पाहुण्यांसमोर ताठ राहिलेली बाई खालच्या वाटेला लागल्यावर घळाघळा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पाड्यात तिचं तोंड सुटलं. "फुकटचा पानी पितांव आपन! उठा, कुदळी घ्या!" मोगऱ्याच्या वरच्या अंगाला एक बारीक झरा होता, त्याचं पाणी चिखलातच जिरायचं. खालचा सगळा पाडा तिथं लोटला. झरा मोकळा केला, त्याखाली खड्डा खणून दगडांनी बांधून काढला, रात्रभराचं पाणी साचेल असा. बायांनी भाताचा पेंढा वाहून आणला आणि ओल टिकावी म्हणून रोपांच्या बुडाशी पसरला. मंगळ्या पहिल्या दिवशी ओट्यावर बसून नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी एकाच्या हातून कुदळ हिसकावून म्हणाला, "असा खनतात काय?"

बहिणीशी मात्र चकार शब्द नाही.

पुढचा बाजाराचा दिवस आला. नवसी मनात शब्द जुळवत वाट चढली. आज भाऊ पुन्हा आडवा आला तर काय बोलायचं? बांधापाशी पोचली आणि जागीच थबकली. फळ्या निघालेल्या. पाणी केव्हाचं खाली चाललेलं.

"माज्या फळ्यांना हात कोनी लावला?" ती कडाडली.

"मी," मंगळ्या म्हणाला. तो बांधावर पाण्यात पाय सोडून बसला होता.

"तुला हक नाय!"

"नाय ना. पन दर टायमाला लेकीनं येऊन मागून न्यायचा? आज भावानं धाडलाय."

नवसी त्याच्याजवळ बांधावर टेकली. तिनं पदरानं डोळे पुसले, वेड्यावाकड्या पडलेल्या फळ्या उचलून काठावर नीट रचल्या.

"चल वर," मंगळ्या उठत म्हणाला, "चा उकळून उकळून कडू झाला असंल."