आत्याचा घोडा आणि आईचं गाऱ्हाणं

दुसऱ्यांच्या काळजाचं पाणी करून स्वतः निर्धास्त राहावं तर आमच्या आत्यानं. कसालपर्यंत एसटी येऊ लागली, तरी ही बाई सावंतवाडीहून आणलेल्या घोड्यावर बसून एकटी घाटापलीकडे जायची आणि परतली की मुंबईच्या मासिकांत प्रवासाचे लेख लिहायची. लोक वाहवा करत. आईला मात्र ते वाचूनच ताप भरे, कारण निसटलेला दगड आणि वाटेतला वाघ सगळं त्यात बयाजवार असे. त्यात घोडा कधी बांधायचा नाही, हा तिचा हट्ट. काही सुचलं की उतरायचं आणि झाडाखाली लिहीत बसायचं. मी हटकलं तर म्हणाली, "बांदून ठेवललो तो कसलो सोबती रे?"

ती निघाली की आई तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची. "बा देवा म्हाराजा, ह्यो घोडो खंयय जांव, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" मागून आम्ही पोरं ओरडायचो, "होय म्हाराजा!" आत्या तेवढी हसायची, 'होय' काही म्हणायची नाही.

एका संध्याकाळी घोडा घरी आला. एकटाच. खोगीर खाडीच्या पाण्यानं भिजलेलं. बाबा माणसं घेऊन खाडीकडे धावले आणि आई तुळशीपुढे मटकन बसली. "मियां घोड्यासाठीच मागलंय गो बाये, वन्सांचा नावच घेवक इसारलंय!" त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

सकाळी आत्या चिखल तुडवत हजर. ती लिहिण्यात गुंगलेली असताना घोडा खाडी पोहून घरच्या काठाला आला, आणि हिची शेवटची होडी चुकली. आईनं रडत गाऱ्हाण्यातली चूक सांगितली, तर ही खो खो हसली. "वयनी, तुजो देव शब्दाचो पक्को. घोडो धाडल्यान, माका चलान येवचा लागला!"

तेव्हापासून आई नीट बजावून मागू लागली, "दोगांकय एकत्र ने आणि एकत्र हाड रे म्हाराजा!" पुढं कितीतरी वर्षं देवानं तेही पाळलं.

मग घोडा म्हातारा होऊन एका दुपारी गोठ्यातच गेला. आत्या त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. आई एकदम पांढरीफटक पडली आणि नारळ घेऊन तुळशीकडे धावली. मीही घाबरून मागोमाग गेलो.

"बा देवा म्हाराजा, दोगांक एकत्र म्हटलंय ता इसर! घोडो तुजो, वन्सां आमची रे म्हाराजा!"

मी 'होय' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, जन्मात पहिल्यांदाच.

"होय म्हाराजा."