तिच्याच मांडवाबाहेर

आमच्या सोसायटीमागच्या तळवली गावातल्या या बाईंनी कुणाला नमस्कार केलेला मी पाहिला नाही. रस्त्यात भेटल्या की लांबूनच ओरडतात, "पानी आला का?" नाही म्हटलं की तिथेच पदर खोचून व्हॉल्ववाल्याला फोन लावतात आणि त्याला असा काही झाडतात की तासाभरात नळ सुरू. नवरा गेल्यापासून त्यांनी हे सगळं अंगावर घेतलंय.

यंदा आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली आणि त्या महापालिकेला उभ्या राहिल्या. संक्रांतीचे दिवस, म्हणून प्रचाराचं हळदीकुंकू ठेवलं. आम्ही बायका नटूनथटून गेलो. मांडवाच्या दारावर त्यांचाच हात जोडलेला मोठा फोटो होता, आणि त्याच्या बरोबर खाली, चपलांच्या ढिगाशेजारी, त्या स्वतः उभ्या होत्या.

"अहो, तुम्ही बाहेर का?"

"माजी धाकटी जाव हाय ना आत कुंकू लावाला," त्या हसून म्हणाल्या. "तुमी जावा ताई. मी चपला बघतंय."

मी काहीतरी बोलणार होते, पण मागे रांग होती. आत गेले, कपाळ पुढे केलं, वाणाचा डबा घेतला.

बाहेर आले तर त्या वाकून माझ्या चपला सरळ लावत होत्या. मताचं त्यांनी नावही काढलं नाही.

"ताई, आज पानी आला का?"

कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. पाणी सकाळपासून आलं नव्हतं.

"आलं," मी खाली बघत म्हटलं.