दुःख मोडायला नेलेला सिनेमा

हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. ही गोष्ट सांगताना माझी मान अजूनही वर होत नाही, आणि मध्येच तुम्ही हसलात तर मी पुढचे सांगणारच नाही.

आयुष्यभर मी लोकांच्या चुका काढल्या. सुनेच्या पोळीची जाड कड म्हणू नका, महिला मंडळाच्या इतिवृत्तातला राहिलेला अनुस्वार म्हणू नका, काही म्हणून सोडले नाही. जुनी मॅट्रिक ना मी! आणि अशा माझ्या हातून काय व्हावे?

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. आमच्या शेजारच्या कमलअक्का माझ्या एकुलत्या एक मैत्रीण. एकुलत्या एक, कारण बाकीच्यांना माझा धाक वाटे. अक्का पिंपळनेरकडच्या शेतकरी घरातल्या. बोलणे मोकळे, हसणे त्याहून मोकळे. त्यांचे यजमान नाना वारले आणि ते हसणे बंद झाले.

आमच्याकडे रीत अशी, की तेरावे झाले म्हणजे कुणीतरी जवळच्या माणसाने त्या घराला सिनेमाला न्यायचे. त्याला दुःख मोडणे म्हणतात. हा मान माझ्याकडे आला. का? तर "ताई निवडतील तो सिनेमा सोज्वळच असणार!"

मी निवडही किती काटेकोरपणे केली म्हणता! आधी जाऊन पोस्टर पाहिले. खाटेवर एक वृद्ध गृहस्थ, पायाशी चार सुना, चौघींच्याही डोक्यावर पदर. मन प्रसन्न झाले. तरी खात्री म्हणून थिएटरच्या मॅनेजरना विचारले, "यात काही अचकट-विचकट नाही ना?"

"नही, ताई! बठ्ठी घरनीच गोष्ट शे. नाचगाणं काहीच नही."

सगळी घरचीच गोष्ट म्हटल्यावर यापलीकडे मी काही विचारले नाही. एक साधा प्रश्न विचारायचा राहिला: यात कुणी मरते का?

चौदाव्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही अकरा जण एका ओळीत बसलो. अक्कांच्या सुनांनी त्यांनाही हात धरून आणले होते. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्यांची नणंद.

चित्रपट सुरू झाला. (त्याचे नाव मी उच्चारत नाही, इतक्या वर्षांनंतरही नाही.) खाटेवरचा म्हातारा जाहीर करतो, की मी मेल्यावर जी सून सर्वांत चांगली रडेल, तिलाच हे घर! झाले. चारही सुना त्याच्या पायाशी बसून रडण्याची तालीम करू लागल्या. आणि तो, जिवंत माणूस, उशीला टेकून त्यांच्या चुका काढतो आहे! म्हणतो, "मनापासून रडा गं, मला इथवर ऐकू येत नाही!"

चौदा दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाच्या बायकोला मी हे दाखवत होते!

शेजारी पाहिले. अक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अक्का, आवरा. चूक माझी आहे." तशा त्या आणखीच गदगदू लागल्या.

मग मी काय करावे? उभी राहिले आणि भर थिएटरात कडाडले, "बंद करा हा सिनेमा! इथे दुःखाची माणसे बसली आहेत!" मागून कुणीतरी ओरडले, "ओ मावशी, खाली बसा!" मी बसले नाही. बाकीच्या दहाही जणांना उठवून बाहेर काढले. अक्का तर उठेचनात. त्यांना मी दंड धरून उठवले.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? त्याच संध्याकाळी निषेधाचे पत्र लिहिले, महिला मंडळाच्या चाळीस सह्या घेतल्या. अक्कांनीही मुकाट्याने सही केली. तिसऱ्या दिवशी चित्रपट उतरला. तसा तो उतरणारच होता म्हणे, आमच्या ओळीखेरीज थिएटरात माणसे होती कुठे? पण श्रेय मी घेतले.

त्यानंतर मात्र अक्का माझ्याकडे यायच्या थांबल्या. रागावल्या, यात नवल ते काय? मलाही त्यांच्यासमोर जाण्याची लाज वाटू लागली. त्या अंगणात दिसल्या की मी आत जाई. पुढे त्या मुलाकडे जळगावला गेल्या. निरोपाला जाण्याचेही धैर्य मला झाले नाही.

आणि तो चित्रपट? तो कुठला मरतो! चार-पाच वर्षांनी त्याची कॅसेट निघाली. व्हिडिओच्या दुकानदाराने थिएटरवाल्यांकडून माझ्या पत्राची नक्कल मिळवून सहीसकट भिंतीवर डकवली आणि वर लिहिले, "महिला मंडळाने बंद पाडलेला सिनेमा!" कॅसेटला रांग लागली. कॉलेजात स्नेहसंमेलनाला त्यातले प्रवेश होऊ लागले. नरडाण्याहून, बोदवडहून माणसे ती मागायला येत. जो चित्रपट तीन दिवस चालला नाही, तो खानदेशाला तोंडपाठ झाला, आणि तोही माझ्या सुवाच्य अक्षरामुळे!

मग जळगावला एका लग्नाला जाणे झाले. मुलीची पाठवणी चालली होती, बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात मागून तरुण मंडळी एका सुरात म्हणाली, "मनापासून रडा गं, मला इथवर ऐकू येत नाही!" मांडव हसला. सगळ्यांत खणखणीत आवाज कुणाचा असावा? कमलअक्कांचा!

मी धीर करून जवळ गेले. "अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला रडवले. मला क्षमा करा."

"रडवलं? अवो ताई, मी कुठे रडत होते? हसत होते मी!"

"हसत?"

"मग! पडद्यावर त्या सुना, अन् शेजारी माझी नणंद. तेरा दिवस हेच पाहिलं होतं. दारात माणूस दिसला की तिचा गळा सुरू, माणूस वळला की चहा! नाना गेल्यापासून पहिल्यांदा छाती मोकळी होत होती, तर तुम्ही दंड धरून बाहेर ओढलं."

"पण मग सही का केलीत?"

"चौदा दिवसांची विधवा सिनेमात हसली, हे तुम्हाला सांगू? तुम्ही तर पेन उघडून उभ्या! नंतर तुम्ही मला पाहून आत जायच्या. मी समजले, हसताना पाहिलं यांनी, तोंड नाही बघायचं माझं."

म्हणजे दोघीही लाजेने मेल्यासारख्या, आणि एक भिंत मध्ये! त्यांनी माझा हात हातात घेतला.

"झालं गेलं सोडा, ताई. एक मात्र करा. मी गेले की माझ्या लेकरांचं दुःख मोडायला हाच सिनेमा दाखवायला सांगा."

"सांगेन, अक्का. मी स्वतः घेऊन जाईन."

"नको माय! तुम्ही घरीच थांबा. त्यांना तरी शेवटपर्यंत पाहू द्या."