एकोतली सळसळ

साकोलीत हायवेला लागून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या मागून एक लोखंडी जिना वर जातो आणि जिन्याच्या टोकाला भूपेश वलथरेचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. एक कम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक, आणि भिंतींना वरपासून खालपर्यंत गोदड्या. जुन्या लुगड्यांच्या त्या गोदड्या त्याच्या बायकोनं, रंजूनं, शिवलेल्या. हायवेवरचे ट्रक आत येऊ नयेत म्हणून त्या भिंतींवर चढल्या. रंजू गेली. ट्रक अजून बाहेरच आहेत.

झाडीपट्टीत तोंडाला रंग लावलेला माणूस भूपेशला ओळखत नाही असं होणार नाही. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागले की गावोगाव नाटकांचे शामियाने उभे राहतात. नायिकेला शिट्ट्या मिळतात, खलनायकाला शिव्या मिळतात, नकल्याला तर स्टेजवर नारळ मिळतो. पण विंगेच्या उजव्या अंगाला, भल्यामोठ्या साउंडबॉक्सच्या शेजारी, गालात खर्रा धरून बसलेला माइकवाला कोणाला दिसतो? भूपेश तिथं बसला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. उठला तेव्हा डोक्याचे केस पांढरे झाले होते.

घर ढिवरांचं. बाप बुधराम तलावात जाळं टाकायचा. तो डोंग्यातून पारीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या पोराला हाक मारी, तेव्हा पाण्यावरून येता येता त्या हाकेच्या कडा झिजून जात. ‘भूपेश’मधला ‘श’ कधी पोचतच नसे. नुसतं गोल, मऊ असं काहीतरी पोचे, आणि पोराला ते फार आवडे.

पुढे कम्प्युटरवर गाणी करायला शिकला तेव्हा हेच त्याच्या कामी आलं. आपल्याकडे गाणारा आला की पहिली फर्माईश एकच, “भूपेशभाऊ, एको दाबून टाकजो!” एको म्हणजे आवाजामागं रेंगाळणारी घुमक. कम्प्युटरवाले तिला रिव्हर्ब म्हणतात. बाकीचे स्टुडिओवाले ती थेट आवाजावरच ओतायचे, वरणावर तेल ओतावं तशी. भूपेश तिला वेगळ्या ट्रॅकवर ठेवी. मूळ आवाज एका ओळीत, कोरडा आणि स्वच्छ. घुमक दुसऱ्या ओळीत. आणि इक्वलायझर लावायचा तो फक्त घुमकेला. तिच्यातला खालचा जाड भाग कापायचा, नाहीतर शब्द घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे होतात. वरचा बारीक भाग उतरवायचा, नाहीतर प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ मागून पुन्हा चरचरत येतो. मधला गर तेवढा राहू द्यायचा. “आवाज जवळ बसला पायजे अन् एको तलावापल्याड,” असं तो सांगे. त्याच्या हातच्या गाण्यांनी कितीतरी नाटकांचे पडदे वर गेले.

मग हळूहळू जिना ओस पडत गेला. माणसं भांडून गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती हसून गेली. “मस्त झालं भाऊ” म्हणून गेली, आणि पुढच्या हंगामात त्यांची गाणी वडशाच्या नव्या स्टुडिओत होऊ लागली. भूपेश वाटेत भेटला तर चहा पाजत. गाण्याचा विषय मात्र कोणी काढत नसे. लोकांना आता काचेचे दरवाजे लागतात, अशी भूपेशनं स्वतःची समजूत घातली. दिवसभर तो खुर्चीत बसून जुनी गाणी उघडी, थोडी घासूनपुसून पुन्हा बंद करी. संध्याकाळी एका माणसाचा भात टाकी, आणि तोही उरे.

यंदा दसऱ्याच्या आधी सत्यवतीबाई आल्या. भंडाऱ्याहून एसटीनं, डोक्याला रुमाल गुंडाळून. एके काळी ही बाई स्टेजवर रडली की शामियान्यात मागं बसलेले पोलीसपाटीलही नाक पुसायचे. आता सत्तरी उलटली, गुडघे धरतात, पण आवाजाला गंज नाही.

“जिना बांधला का शिडी लावली रे, भूपेश?” दारातूनच त्यांनी सुरू केलं. “मेली असती तं नाव कोनाचं झालं असतं?”

“तुमचंच झालं असतं बाई. पेपरात फोटो आला असता.”

“फोटो तं येतेच. बरा नाई येत.” त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि मुद्द्यावर आल्या. आसगावच्या श्यामरावांच्या कंपनीचं नवं नाटक होतं. त्यात हरवलेल्या लेकीला आई तलावाकाठी उभी राहून हाका मारते, ते गाणं पडद्यामागून वाजणार होतं. “मी श्यामरावले सांगतलं, गाईन तं भूपेशकडंच गाईन. लय कुरकुर केली त्यानं. मंग म्हने, एक गाणं करून दाखवू द्या. जमलं तं यंदाचे सारेच त्याले देतो. नाई जमलं तं मंग पुन्हा नाव काढू नका.”

“कुरकुर कायची?”

बाईंनी रुमालाची घडी केली. “माइक लाव,” एवढंच म्हणाल्या.

त्या गायल्या. भूपेशनं डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांनी खोलीत कोणीतरी होतं. नंतर तो कामाला बसला. आवाज एका ओळीत, घुमक दुसरीत. जाड भाग कापला. वरचा बारीक भाग ऐकला, तर त्याला तो मेल्यासारखा वाटला. अलीकडे नेहमीच तसं वाटायचं. त्यानं सवयीनं तो भाग वर चढवला, अजून थोडा चढवला, तेव्हा कुठं घुमकेत जीव आला. समाधानानं त्यानं हेडफोन बाईंच्या डोक्यावर ठेवला.

बाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढला. म्हणाल्या, “चांगलं झालं.”

मंडळी, जन्मभर खोटं रडून लोकांना खरं रडवणाऱ्या या बाईला हे दोन शब्द काही वठवता आले नाहीत.

“बाई,” भूपेश म्हणाला, “तुमाले नाटक करता येत नाई का आता? खरं सांगा.”

“खरं आयकशील?”

“आयकीन.”

“गाणं चांगलं आहे. पन मांगून कोनतरी सागाच्या वाळल्या पानाईवरून चालून राहिलं. मी ‘सोने’ म्हनलं का खस्स. ‘साजरी’ म्हनलं का खस्स. कानात काडी घातल्यावानी टोचते.”

भूपेशनं गाणं पुन्हा लावलं. कान देऊन ऐकलं. पुन्हा लावलं. “कुठी आहे पान? मले तं दिसत नाई.”

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ गेला.

“आता मी काय केलं?” त्यांनी विचारलं.

“काई नाई. उभ्या आहा.”

“मांगं पाय.”

त्यानं वळून पाहिलं. बाईंच्या हातात कमरेचा किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्याच्या कानापासून हातभर अंतरावर धरून त्या हलवत होत्या, पूजेत घंटी हलवावी तसा. अजूनही हलवत होत्या. बारक्या बारक्या किल्ल्या एकमेकींवर आपटताना त्याला दिसत होत्या. आवाज मात्र त्यांच्यातून काहीच येत नव्हता.

बाईंनी हात थांबवला. “सगळ्याईले माईत आहे, भूपेश. दोन-तीन वर्सं झाली. तुहं एको टोचते म्हनून लोकं वडशाले जातेत. पन तुह्या तोंडावर कोनं म्हनावं? तुह्या हातचं खाल्लं त्याईनं.”

“म्हनून चहा पाजतेत,” भूपेश म्हणाला.

तो उठून खिडकीशी गेला. खाली एक ट्रक मागं घेत होते आणि पोरं ओरडत होती. ते सगळं त्याला धडधडीत ऐकू येत होतं. बहिरा माणूस कसा असतो ते त्यानं पाहिलं होतं. आपण तसे नव्हतो. आपलं फक्त टोक झिजलं होतं. उजव्या विंगेतला तो बॉक्स, हंगामामागून हंगाम, रोज थोडंथोडं घासत गेला. आणि जे ऐकू येईना त्याच्यावर भूपेश दरवेळी अजून एक चिमूट टाकत गेला, जीभ मेलेल्या सैपाकिणीनं मीठ टाकावं तसा. लोकांनी ते गिळलं आणि हसून हात धुतले. कोणी एकानं ‘खारट झालं’ म्हटलं असतं तर!

“श्यामरावले सांगा, नाई जमलं,” तो म्हणाला.

“काहून? मी अजून इथंच आहे ना? माही बस पाच वाजता आहे.”

इक्वलायझरच्या खिडकीत एक चित्र असतं. आवाज वाजतो तसं ते हलतं. जाड आवाज डावीकडे उसळतो, बारीक उजवीकडे. भूपेशनं ते कायम झाकून ठेवलेलं. ‘काम कानाचं आहे, डोयाचं नाई’, हा त्याचा ताठा. आता त्यानं ते उघडलं आणि फक्त घुमकेची ओळ वाजवली. बाईंचा ‘स’ आला की चित्राच्या उजव्या टोकाला गवताचा एक झुपका ताडकन उभा राही. ‘साजरी’, झुपका. ‘सोने’, झुपका. त्याच्या कानाला मात्र ती सळसळ कुठंच लागत नव्हती.

“हेच का पान?”

“हेच.”

त्यानं उजव्या टोकाची रेघ खाली ओढली. झुपका बसला. बाई म्हणाल्या, “अजून.” त्यानं अजून ओढली. “अजून जरासं. बस.” मग पूर्ण गाणं वाजवलं. बाईंच्या चेहऱ्यावर अंधारात दिवा सरकवावा तसं काहीतरी झालं. भूपेशला मात्र वाटलं, बाई गाता गाता मातीच्या घरात शिरल्या आणि कोणीतरी दाराला पोतं लावलं. त्याला राहवेना. हळूच त्यानं रेघ केसभर वर केली.

“आलं पान,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

त्यानं रेघ खाली नेली आणि हात मांडीखाली दाबून बसला. आपल्याला जे मेलेलं वाटतं तेच बरोबर. जे बरोबर ते आपल्याला कधीच कळणार नाही. असल्या कामाला काय म्हणावं, त्याला सुचेना. गाणं त्यानं तसंच जतन केलं.

बसस्टँडवर त्यानं बाईंना हात धरून चढवून दिलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, “भूपेश, तोंडावर सांगत जा लोकाईले. मंग ते तुले सांगतीन.”

दुसऱ्या दिवशी श्यामराव स्वतः आले. गळ्यात गमछा, मनात वडशाचा नंबर तयार. बसायच्या आधीच भूपेश म्हणाला, “भाऊ, एक आयका. मले बारीक आवाज आयकू येत नाई. कान गेले त्या टोकाले. टोचलं तं टोचलं म्हना, माह्या तोंडावर.”

श्यामराव टेकता टेकता थांबले. मग म्हणाले, “म्हंजे तुले माईत नव्हतं? लेका, आमाले वाटलं तू आमच्यावर सूड घेऊन राहिला!”

हसू आलं, दोघांनाही. मग श्यामरावांनी गाणं ऐकलं. “यंदाचे सारे गाने इथंच,” त्यांनी गमछ्यानं मान पुसत सांगितलं. “आता पुन्हा लाव.”

भूपेशनं पुन्हा लावलं. या वेळी तो गाण्याकडे बघतच नव्हता, श्यामरावांकडे बघत होता. लेकीला मारलेली शेवटची हाक गेली. भूपेशच्या कानात खोली रिकामी झाली आणि त्याचं बोट थांबवायच्या बटणाकडे गेलं. पण श्यामरावांची मान एका बाजूला कललेलीच होती. डोळे मिटलेले. तळ्यापलीकडं कोणी निघून चाललंय आणि ते त्याच्या मागं मागं जात आहेत असे. म्हणजे भूपेशच्या कानापलीकडं घुमकेची बारीक शेपटी अजून वाजत होती. भूपेशनं बोट मागं घेतलं आणि ती मान सरळ व्हायची वाट बघत तो बसून राहिला.